पत्र्याचे कोपरे

माझ्या आईने अख्ख्या बाळीवेशीत सांगून ठेवलंय की आमची दानेश्वरी सोनोग्राफीच्या फोटोंचं काम करते. एकदा हौसेने मी तिला रडारचा फोटो दाखवला, तेव्हापासून हे चालू आहे. करडा, दाणेदार फोटो, मधे काळे डाग, कुठे कुठे पांढरे ठिपके. तिचं तरी काय चुकलं म्हणा. गल्लीतल्या बायका आपापल्या सुनांचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. मला त्यातलं काही कळत नाही म्हटलं, की पोरगी लई शहाणी झाली असं तोंड करून परत जातात.

खरं काम असं आहे. ड्रोन आभाळातून रडारच्या लहरी खाली सोडतो, त्या जमिनीवर आपटतात, आणि जेवढ्या परत येतात तेवढ्यांचं चित्र बनतं. रात्र असो, ढग असोत, त्याला काही फरक पडत नाही. लोखंड, पत्रा असलं काही असेल तर लख्ख पांढरं उमटतं. झाडी करडी दिसते. सपाट जमिनीवरून लहर पुढेच घसरून जाते, परत येत नाही, म्हणून ती काळी. आम्ही होटगी रोडवरच्या ऑफिसात बसून त्या चित्रांवर चौकटी काढतो आणि प्रत्येक चौकटीला नाव देतो. अशी हजारो चित्रं पाहून मशीन शिकतं, आणि मग माणसाने न सांगता आपलं आपण ओळखायला लागतं. कशासाठी ओळखतं, असं कुणी विचारलं तर आमचे मालक प्रभुलिंग सर 'संरक्षण क्षेत्र' एवढंच म्हणायचे आणि शर्टाची कॉलर नीट करायचे.

माझ्या हाताखालच्या मुलींमध्ये मायाक्का सगळ्यात जुनी. पहिल्या दिवशी मीच तिला शिकवलं होतं: पांढरं, टोकदार दिसलं की वाहन, करडं दिसलं की झाडी, काळं दिसलं की रिकामी जमीन. रिकाम्या जमिनीला तर चौकटही काढायची नसते. एक बटण दाबायचं, पुढचा फोटो घ्यायचा. मायाक्का हे एका सकाळीत शिकली आणि दुपारी माझ्यापेक्षा वेगाने बटण दाबायला लागली.

ती धनगरांची लेक आणि धनगरांचीच सून. नवरा सिद्धनाथ अकलूजकडे साखर कारखान्याच्या ट्रकवर, सासू निंगव्वा आणि दीर येडू मेंढरं घेऊन माळावर. पोटुशी असताना ती एकदा खरीखुरी सोनोग्राफी करून थेट ऑफिसला आली होती. खुर्चीत टेकता टेकता म्हणाली, "ताई, आपल्यासारखाच फोटो असतोय की वो. पर तितं मला माझं लेकरू लगीच दिसलं." त्या दिवशी अख्खं ऑफिस हसत होतं आणि मी सगळ्यांत जास्त.

मुलगा झाला, त्याचं नाव माउली ठेवलं. तिची रजा संपली तेव्हा निंगव्वांनी नातवाला आपल्याकडे घेतलं. त्यांचा तळ तेव्हा वळसंगच्या पुढच्या माळावर होता, म्हणून मायाक्का रोज संध्याकाळी वडापच्या जीपने तिकडे जायची आणि सकाळी परत यायची. तिच्या ओढणीला मेंढरांचा वास यायचा. एका मुलीने त्यावरून नाक मुरडलं होतं, तिला मी असं झापलं की ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझा स्वभाव तसाच आहे, आधी तोंड चालतं आणि मग डोकं. त्या दिवशीसुद्धा तेच झालं.

आता पत्र्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं.

मशीनला वाहन ओळखायला शिकवायचं तर वाहनांचे फोटो हवेत. बाहेरून आलेल्या चित्रांमध्ये खरे ट्रक थोडेच होते. हवे तसे ट्रक हव्या त्या दिवशी माळावर आणून उभे करायचे, एवढी आमच्या कंपनीची ऐपत नव्हती. तेव्हा आमचा इंजिनिअर गुरुशांत, अक्कलकोटकडचा, हसतमुख मुलगा, एक युक्ती घेऊन आला. त्याने कॅरम बोर्डवर समजावून सांगितलं. स्ट्रायकर तिरका कडेवर मारला तर कुठेही जातो, पण नेमका कोपऱ्यात बसला तर दोन्ही बाजूंना आपटून परत आपल्याकडेच येतो. रडारची लहरही तशीच. पत्र्याच्या तीन बाजू जोडून कोपरा केला, तर एवढासा पत्रा आभाळातून एखाद्या मोठ्या गाडीसारखा चमकतो. मग त्याने बांबूचे सांगाडे केले, प्रत्येकावर चार कोपरे बांधले, आणि झाला आमचा ट्रक. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तेच सांगाडे इकडून तिकडे हलवून ड्रोनने फोटो काढले. आम्ही सगळ्यांवर चौकट काढून 'वाहन' लिहिलं. मशीन असं तयार झालं की चार कोपरे दिसले रे दिसले, लगेच लाल चौकट. सरांनी पेढे वाटले. एवढ्या स्वस्तात एवढी हुशारी पुण्याच्या लोकांनाही जमली नसती, असं ते म्हणाले आणि आम्हाला ते पटलं.

काम झाल्यावर कोपरे माळावरच पडून राहिले. गुरुशांत तिकडे जायचा तेव्हा निंगव्वा त्याला चहा पाजायच्या, कधी शेळीचं दूध द्यायच्या. जाताना त्याने ते कोपरे त्यांना देऊन टाकले. निंगव्वांना ते फारच आवडले. नुकतं जन्मलेलं कोकरू ओलं असतं, वाऱ्याने गारठून मरतं. पत्र्याच्या कोपऱ्यात ठेवलं तर वारा लागत नाही आणि ऊन पडलं की पत्रा तापून त्याला ऊब मिळते. शिवाय मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी कोपरे बांधले की रात्री लांडग्याचा धक्का लागून पत्रा खडखडतो आणि माणूस जागं होतं. चार चांगले कोपरे त्यांनी बांबूच्या सांगाड्यासकट तळाच्या मधोमध रोवले, त्याच्याच दोन खुंटांना नातवाची झोळी बांधली आणि झोळीखाली कोकरांची जागा केली. मायाक्काने त्याचा फोटो मोबाइलवर आणून दाखवला. झोळीतून माउलीचा एक पाय बाहेर आलेला आणि भोवती चार पत्रे. गुरुशांत म्हणाला, आजींनी नातवाला महाल बांधला. फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. रडारच्या चित्रात पत्रा कसा दिसतो हे ज्यांना झोपेतही सांगता आलं असतं, अशा सगळ्या माणसांनी तो फोटो पाहिला, गोड म्हटलं आणि परत दिला.

चाचणीचा दिवस ठरला. पाहायला दिल्लीहून पाहुणे येणार होते. अट अशी होती की ड्रोनने आपलं आपण शोधायचं, आपलं आपण ओळखायचं आणि आपलं आपण टाकायचं. मधे माणसाने कुठलंही बटण दाबायचं नाही. टाकायचं म्हणजे बॉम्ब नाही. रांगोळीचं भरलेलं पोतं. काळ्या रानावर पांढरी खूण लांबूनही दिसते म्हणून रांगोळी. पण ते पोतं दोन माणसं उचलून ड्रोनला अडकवत होती, आणि ते कितीतरी उंचावरून पडणार होतं, हे लक्षात घ्या.

यावेळी सरांनी खर्च केला. भंगारातून तीन खरे ट्रक आणून माळावर उभे केले. मशीनने जागा पाठ केलेली नको, म्हणून पाहुण्यांना मुभा होती की त्यांनी आयत्या वेळी एखादा ट्रक गुपचूप दुसरीकडे नेऊन ठेवावा. गावात दवंडी दिली होती. माळ रिकामा करा, लाल झेंड्यांच्या आत कुणी थांबू नका. येडूने सांगितल्याप्रमाणे तळ उचलला आणि झेंड्यांच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे नेला. मेंढरं, जाळी, बाजलं, चार कोपरे, झोळी, सगळं. त्याने काही चुकीचं केलं नाही. चाचणीच्या सकाळी पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, एवढ्याशा जागेत शोधणं म्हणजे काय शोधणं, थोडं क्षेत्र वाढवा. सरांनी लगेच वाढवलं. कॉम्प्युटरवर एक रेघ ओढ्याच्या पलीकडे गेली. झेंडे जागच्या जागी राहिले, आणि तसेही ते कापडाचे. रडारला कापड दिसत नाही.

आम्हाला सरांनी ऑफिसात टीव्हीसमोर बसवलं होतं. चित्र थेट येणार, शेवटी सगळ्यांचा फोटो निघणार, म्हणून रजा कुणालाच नव्हती. मायाक्काला हवी होती. मेंढ्या व्यायचे दिवस होते, येडू कळप घेऊन तलावाकडे जाणार आणि तळावर सासू एकटी. पण सरांनी नाही म्हटलं म्हणून ती नवी साडी नेसून आली होती आणि माझ्या शेजारी बसली होती.

चित्र वरून खाली उतरायला लागलं, मागावरून चादर उतरते तसं हळूहळू. काळा माळ आला, करडी बाभळ आली. एका बाजूला ट्रक आले, किती ते कुणी मोजलं नाही; ते आमच्या मशीनला फारसे पटले नाहीत. बारक्या पिवळ्या चौकटी आल्या आणि गेल्या. मी मनात म्हटलं, अरे गाढवा, ट्रक समोर आहे. चादर आणखी उतरली. ओढ्याच्या पलीकडे लख्ख पांढरं काहीतरी उमटलं आणि त्याभोवती जाड लाल चौकट बसली. वाहन. खात्री सत्त्याण्णव टक्के. आता ड्रोन वळून तिकडे जाणार आणि पोतं टाकणार.

आम्ही टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी एक ट्रक गुपचूप लांब नेला आणि आमच्या मशीनने तो शोधून काढला, असंच सगळ्यांना वाटलं. तिकडे माळावर तंबूत बसलेल्या सरांनाही तेच वाटलं, हे मागून कळलं. मी तर शिट्टी मारली. माझं डोकं अजून चालू झालं नव्हतं.

मायाक्का उठून टीव्हीजवळ गेली. नाक काचेला लागेल इतकी जवळ. तिने बोट ठेवलं.

"ताई, ह्यो आमचा ओढा हाय. ही विहीर." बोट पुढे सरकून चौकटीवर थांबलं. "आन् हे आमचं हाय."

मी पाहिलं. चार पांढरे ठिपके, ठरलेल्या अंतरावर, जसे मी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज पाहिले होते. खऱ्या ट्रकचे ठिपके असे कधीच नसतात, असे फक्त आमचे असतात. फोटोतला तो एक पाय मला दिसला, झोळीतून बाहेर आलेला.

मी गुरुशांतला फोन लावला. बंद. सरांना लावला. बंद. पाहुण्यांच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल तंबूबाहेर एका डब्यात जमा होते, हे सकाळी मीच हसत हसत मुलींना सांगितलं होतं. तरी मी वेड्यासारखी तेच दोन नंबर आलटूनपालटून लावत राहिले. मायाक्काने येडूला लावला. तळावर फोन एकच, तो त्याच्या खिशात. त्याने उचलला, मागे मेंढरांचा आवाज.

"भावजी, कुटं हाय? पळा. माउलीला झोळीतनं काडा."

त्याला काही कळलं नाही. ती पुन्हा तेच म्हणाली, त्याच आवाजात, ओरडली नाही. येडू म्हणाला, मी तलावाच्या कडंला हाय वैनी, लई लांब हाय. मग तो पळायला लागला असावा, कारण फोनमधून फक्त त्याचा श्वास यायला लागला. फोन स्पीकरवर होता. सगळं ऑफिस तो श्वास ऐकत उभं होतं. मी देवाला हाक मारली नाही. मी मशीनला म्हणत होते, सोड, दुसरीकडे बघ, ट्रक तिकडे आहे, बघ ना. मीच शिकवलेलं होतं ते. माझं ऐकेल असं मला का वाटलं कुणास ठाऊक.

लाल चौकट हिरवी झाली. म्हणजे पोतं सुटलं.

मागच्या रांगेत एका मुलीने पुन्हा टाळी वाजवली, तिला अजून काही समजलं नव्हतं. फोनमधून लांबून पत्रा वाजल्यासारखा आवाज आला. येडूचा श्वास थांबला, तो "आये" एवढंच म्हणाला, आणि फोन तुटला.

मायाक्काला मी स्कूटरवर घेतलं. कुंभारी गेलं, वळसंग गेलं, मला रस्ता आठवत नाही. वाटेत मी आडव्या आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या, मागे लागलेल्या कुत्र्याला शिव्या दिल्या, सरांना दिल्या, मला स्वतःला दिल्या. मागे बसलेल्या मायाक्काने माझा कुडता मुठीत धरला होता, तो मागून फाटला हे मला घरी गेल्यावर दिसलं. येडूचा फोन लागत नव्हता. मला भीती वाटत होती, इतकी की रस्ता संपू नये असं वाटत होतं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं तेच आहे.

ओढा ओलांडला आणि सगळं पांढरं दिसलं. काळं रान, बाभळी, जाळी, बाजलं, पाण्याची घागर, सगळ्यांवर रांगोळी. मधोमध चार कोपऱ्यांपैकी एक चेपून जमिनीत गेलेला, दुसरा आडवा. झोळी खुंटासकट खाली आलेली. फाटलेलं पोतं त्या झोळीवरच पडलं होतं. त्याच्याखालून माउलीचं निळं दुपटं दिसत होतं आणि दुपट्याच्या कडेला पांढऱ्यात लाल पसरलं होतं. येडू तिथेच शेजारी मांडी घालून बसला होता. त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता.

मायाक्का स्कूटरवरून उतरली आणि दोन पावलांवर खाली बसली. मी तिला धरायला हवं होतं. मी ते दुपटं बघत उभी राहिले.

मग कडुनिंबाच्या मागून कुणीतरी खोकलं.

निंगव्वा तिथे बुंध्याला टेकून बसल्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, भुवयासुद्धा पांढऱ्या. पदर घट्ट गुंडाळलेला होता. इतका आवाज झाल्यावर त्या जागच्या हलल्याच नव्हत्या आणि येडू समोर येऊन बसला तरी त्याला हाक मारायचं त्यांना सुचलं नव्हतं. मायाक्का त्यांच्याकडे कशी गेली ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा तिने पदर सोडला होता आणि आत माउली होता. नाकाला रांगोळी लागलेला, आईकडे रागाने बघत. तो शिंकला. मग रडायला लागला आणि त्याच्याबरोबर मायाक्का.

झालं होतं ते एवढंच. ऊन चढलं तसा पत्रा तापला आणि माउली झोळीत कुरकुरायला लागला. म्हणून निंगव्वांनी त्याला उचलून कडुनिंबाच्या सावलीत नेलं. त्याच सकाळी एक कोकरू जन्मलं होतं, अशक्त, आई जवळ घेईना. पत्रा तापलाच आहे तर त्याला ऊब मिळेल म्हणून त्यांनी ते नातवाच्या दुपट्यात गुंडाळून झोळीखाली कोपऱ्यात ठेवलं. रोजच्यासारखंच. त्यात कुणी काही ओळखलं नव्हतं, कुणाला काही जाणवलं नव्हतं. पत्रा थोडा उशिरा तापला असता तर दुपट्यात दुसरं कुणी असतं.

ड्रोन परत उतरेपर्यंत तंबूतून कुणी हलायचं नव्हतं, म्हणून जीप आत्ता आल्या. सर पुढे, पाहुणे मागे, एकाच्या हातात टेप. सर पोत्याकडे गेले, टेप धरला आणि आनंदाने म्हणाले, "एक मीटरसुद्धा फरक नाही." मग त्यांनी ट्रक कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. तिथे एक बाजलं होतं, एक घागर होती आणि पांढरी झालेली माणसं होती. एका पाहुण्याने हिंदीत विचारलं, गाडी कोणती होती. मी तोंड उघडलं, मला सरांना खूप काही बोलायचं होतं, पण माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं.

गुरुशांत सगळ्यांत शेवटी आला. त्याने चेपलेला पत्रा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तो पोत्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"हे मीच दिले होते," तो म्हणाला.

निंगव्वांना बाकी काही कळलं नव्हतं. आभाळातून पोतं का पडलं, हे साहेब कोण, टेप कशाला. पण गुरुशांतला त्या ओळखत होत्या. त्याचं तोंड पाहून त्यांना वाटलं की हा आपल्या वस्तूसाठी हळहळतोय. त्या उठून त्याच्याजवळ आल्या आणि ओशाळल्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, तुजा पत्रा वाकला की रं. आमी लई जपून ठिवला हुता."

गुरुशांत त्यानंतर कामावर आला नाही. पाहुण्यांनी जाताना म्हणे सरांना सांगितलं, नेम अचूक आहे, ओळख सुधारा. सरांनी ऑफिसात येऊन आम्हाला त्यातलं पहिलं वाक्य सांगितलं. निंगव्वांकडे कोकराची भरपाई पाठवली, ती त्यांनी घेतली आणि वर एक किटली दूध पाठवलं. मशीनला आता कोपरे विसरायला शिकवायचं ठरलं. त्यासाठी त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आला, नीट चौकटी काढून देण्यासाठी.

मायाक्का आता येणार नाही असं सगळे म्हणत होते. ती तिसऱ्या दिवशी आली, माउलीला कडेवर घेऊन. ऑफिसात लेकरू आणायचं नाही असा नियम आहे, तो तिला सांगायला कुणी उठलं नाही. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ताई, त्यो फोटो दावा. मी नको म्हटलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तो उघडला.

चार पांढरे ठिपके. मशीनने काढलेली लाल चौकट अजून तशीच. ओढ्याच्या कडेची बाभळ करडी, कडुनिंब करडा. बाकी सगळं काळं. मायाक्काने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की नुसते दाणेच राहिले. माउलीने स्क्रीनला हात लावला, तो तिने हळूच बाजूला केला. ती चौकटीच्या आत शोधत होती, मग बाहेर, मग झाडाखाली. मी तिच्याबरोबर शोधत होते. झोळी कापडाची, निंगव्वांचा पदर कापडाचा, लेकरू हाडामांसाचं. त्यांच्यावरून परत येणारी लहर इतकी बारीक असते की चित्रापर्यंत पोचतच नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी मी शोधत होते.

"ताई," ती म्हणाली, "ह्यात माझं लेकरू कुटं हाय?"

तिने कडुनिंबाच्या शेजारच्या काळ्यावर बोट ठेवलं, जिथे निंगव्वा त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हितं असंल," ती म्हणाली. "काळं दिसलं की रिकामी जमीन, तुमीच शिकवलं न्हवं?"

मी मान खाली घातली. तिने माउलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सोनोग्राफीत दिसलं हुतं की वो," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीवरची ओढणी उचलून जिना उतरून गेली. फोटो उघडाच होता. खाली रिकाम्या जमिनीचं नेहमीचं बटण लुकलुकत होतं, आणि मागे पुढचे फोटो रांगेत येऊन थांबले होते.